मुलांना मरण खरे सांगा

‘रिंगण’ हा मराठी चित्रपट २०१७ साली चित्रपटगृहांत आला. दिग्दर्शक मकरंद माने यांचा हा पहिलाच चित्रपट. २०१५ सालच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कर्जाने गांजलेला अर्जुन मगर हा शेतकरी आणि त्याचा लहानगा मुलगा अभिमन्यू यांची ही गोष्ट. शशांक शेंडे आणि साहिल जोशी यांनी ह्या भूमिका केल्या आहेत. मुलाची आई वारली आहे. बापाने मुलाला सांगितले आहे की आई देवाघरी गेली. पुढे बापलेक पंढरपूरची वाट धरतात. बाप निघतो तो नशिबाचा फेरा सुटावा म्हणून. मुलगा निघतो तो आईला शोधायला, कारण देवाचे घर पंढरपूरला आहे हे तर त्याला पक्के ठाऊक!

आरोग्याच्या सदरात सिनेमाचे काय काम, असे वाचक म्हणतील. काम आहे, आणि तेही मोठे आहे. ‘देवाघरी गेली’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी लहान मुलांना सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. परंतु मोठी माणसे शब्दांचा भावार्थ घेतात आणि मुले शब्दच घेतात. घर म्हटले की पत्ता आला, पत्ता म्हटला की रस्ता आला, आणि रस्ता असला की गेलेले माणूस त्याच रस्त्याने परतही येऊ शकते. मग मूल वाट पाहू लागते. वाट पाहूनही कोणी आले नाही की ते स्वतःलाच विचारते, ‘मी काय केले म्हणून आई येत नाही?’

आजच्या लेखात सांगायचे आहे ते इतकेच. मुलापासून मृत्यू लपवल्याने त्याचे दुःख कमी होत नाही. दुःखाच्या जोडीला अपराधाची बोच मात्र येते. आणि ही बोच वेळीच बाहेर काढली नाही तर ती मोठेपणीही आतल्या आत ठसठसत राहते.

आपला मुलूख, आपला पावसाळा

महाड-पोलादपूरच्या वाचकांना हा विषय परका नाही. आपल्या भागाच्या अलीकडच्या वीस वर्षांच्या इतिहासावर एकवार नजर टाकावी. २००५ च्या २५-२६ जुलैला दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या व दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातील दगडी पूल पुरात वाहून गेला. त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि एक खाजगी गाडी गेली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचारी महाबळेश्वरला सहलीला निघाले असता त्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३१ पैकी ३० जण गेले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर आला. आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला. तेथे ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे दरडीखाली गेली.

ह्या तारखा पुन्हा एकदा वाचाव्यात. सगळ्या २२ जुलै ते २४ ऑगस्ट ह्या एका महिन्याच्या आतबाहेरच्या आहेत. म्हणजे आपल्याकडे आषाढ-श्रावण लागला की कित्येक घरांत कोणाची ना कोणाची आठवण दारात येऊन उभी राहते. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजू लागला की झोप उडते, छातीत धडधडते, मुले रात्री अंथरूण ओले करतात, शाळेत जायच्या वेळेला पोटात दुखते. पोटाच्या गोळ्या दिल्या जातात. पण दुखणे पोटात नसते.

मूल मरण कधी समजते?

बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांनी ह्या प्रश्नावर पुष्कळ काम केले आहे. त्याचा गोषवारा सोपा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला मरण हे झोपेसारखे किंवा गावाला जाण्यासारखे वाटते. गेलेले माणूस भूक लागली की जेवायला उठेल, असे त्याला खरोखरच वाटत असते. साधारण ५ ते ७ वर्षांच्या सुमारास तीन गोष्टी हळूहळू त्याच्या ध्यानात येतात. मेलेले परत येत नाही, मेलेल्या शरीराला दुखत नाही व भूक लागत नाही, आणि मरण सर्वांनाच आहे. ह्या तीन गोष्टी समजल्यावरच मूल खऱ्या अर्थाने शोक करू शकते. त्याआधी ते फक्त वाट पाहते.

आता आपण काय करतो पाहा. ज्या वयात मुलाला ह्या गोष्टी समजायला मदत हवी, नेमक्या त्याच वयात आपण ‘आजोबा झोपले आहेत’, ‘बाबा मुंबईला कामाला गेले आहेत’, ‘आई देवाघरी गेली’ अशी वाक्ये सांगतो. कोकणात तर ‘मुंबईला गेले’ हे वाक्य फारच घातक आहे. आपल्याकडे मुंबईला गेलेला चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला परत येतो. मूल प्रत्येक गणपतीला एसटीच्या थांब्याकडे पाहत बसेल नाही तर काय करील? ‘झोपले’ म्हणून सांगितलेले मूल पुढे स्वतः झोपायला घाबरते, हेही मनोविकारतज्ज्ञांना नेहमी आढळणारे आहे.

‘माझ्यामुळे झाले’

लहान वयात मुलाला वाटते की जग आपल्या मनाप्रमाणे चालते. आपण रागात जे बोललो ते खरे होते, असा त्याचा समज असतो. आईने मारले म्हणून ‘तू मरून जा’ असे कोणते मूल म्हणत नाही? नव्याण्णव वेळा त्याचे काहीच होत नाही. शंभराव्या वेळी दरड कोसळते. त्या मुलाच्या मनात त्या क्षणी जो हिशेब होतो तो कोणालाही दिसत नाही, आणि मूल तो कोणालाही सांगत नाही.

थोडे मोठे झालेल्या, बारा-पंधरा वर्षांच्या मुलांत हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने होतो. ‘त्या दिवशी मी बाबांना थांब म्हणालो असतो तर?’, ‘मी मामाकडे गेलो नसतो तर?’ आणि सर्वांत जड प्रश्न, ‘माझ्याऐवजी तो का गेला?’ रॉब रायनर यांनी १९८६ साली ‘स्टँड बाय मी’ नावाचा एक अमेरिकन चित्रपट काढला. बारा-तेरा वर्षांची चार मुले एका हरवलेल्या मुलाचे प्रेत पाहायला रेल्वेच्या रुळांवरून पायी निघतात, एवढीच त्याची गोष्ट. त्यातल्या एका मुलाचा थोरला भाऊ अपघातात गेलेला असतो. वडिलांना भाऊच अधिक लाडका होता, त्याच्या जागी मी जायला हवा होतो, हा काटा तो मुलगा छातीत घेऊन चाललेला असतो. वाटेत एका मित्राजवळ तो रडून ते बोलतो आणि तेथेच त्याचे ओझे थोडे उतरते. अमेरिका असो की महाड, बारा वर्षांच्या मुलाचे मन सारखेच असते.

ह्या बोचेमागे मेंदूची एक सवयही आहे. एखादी गोष्ट घडून गेली की ती आधीच कळायला हवी होती असे माणसाला वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांनी हे दाखवून दिले. परिणाम माहीत झाल्यावर माणसे म्हणतात, ‘हे होणारच होते, दिसतच होते.’ वस्तुतः आधी काहीच दिसत नसते. २२ जुलै २०२१ च्या सकाळी तळियेच्या लोकांना संध्याकाळ कशी होणार हे ठाऊक नव्हते. त्या सकाळी जे आपल्याला माहीत नव्हते, त्याबद्दल संध्याकाळी स्वतःला शिक्षा करणे हा न्याय नव्हे. हे वाक्य दुःखी माणसाला एकदा सांगून भागत नाही. शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

वाचलेल्याचे ओझे

दुसऱ्या महायुद्धातील छळछावण्यांतून सुटून आलेल्या माणसांवर अमेरिकेत उपचार करताना विल्यम नीडरलँड ह्या मनोविकारतज्ज्ञांना एक गोष्ट वारंवार आढळली. ही माणसे सुटली होती, पण त्यांना आनंद नव्हता. ‘बाकीचे गेले आणि मी राहिलो’ हीच त्यांना टोचणी होती. १९६० च्या दशकात त्यांनी ह्याविषयी लिहिले आणि वाचलेल्याच्या अपराधभावनेची नोंद वैद्यकशास्त्रात झाली.

आपल्याकडे अशी माणसे वाड्यावाड्यांवर आहेत. त्या दिवशी कामावर होते म्हणून वाचले, शाळेच्या वसतिगृहात होते म्हणून वाचले, शेवटच्या घटकेला गाडी चुकली म्हणून वाचले. अशा माणसाला आपण भेटायला जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘तू कसा काय वाचलास?’ विचारणाऱ्याला कुतूहल असते. ऐकणाऱ्याला तो प्रश्न ‘तू का वाचलास?’ असा ऐकू येतो. आंबेनळीच्या अपघातानंतर एकटा वाचलेला जो कर्मचारी होता, त्याच्यावर मृतांच्या काही नातेवाइकांनी संशय घेतल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या होत्या. तपास हे पोलिसांचे काम, त्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. पण एक गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने सांगायला हवी. अतीव दुःखात माणसाला दोष ठेवायला कोणीतरी हवे असते. कोणी सापडले नाही तर तो स्वतःला दोष देतो, आणि समोर कोणी दिसला तर त्याला देतो. दोन्ही एकाच दुखण्याची रूपे आहेत. हे ध्यानात ठेवले तर आपण दुसऱ्यावर बोट दाखवताना थोडे थांबू, आणि आपल्यावर बोट दाखवणाऱ्याला थोडे समजूनही घेऊ.

कावळा, पिंड आणि वचन

अपराधाची बोच आपल्या वाडवडिलांना ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. दहाव्याचे पाहा. पिंडाला कावळा शिवेना की घाटावर कुजबूज सुरू होते, ‘काहीतरी इच्छा राहिली.’ मग थोरला पुढे होतो आणि मोठ्याने सांगतो, ‘धाकटीचे लग्न मी करून देईन’, ‘आईला मी सांभाळीन’, ‘भावाशी भांडण मिटवतो’. कावळा शिवतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. कावळ्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मनाच्या दृष्टीने मात्र तेथे फार महत्त्वाचे काम होते. ‘माझे काही द्यायचे राहून गेले’ ही मनातली बोच चारचौघांत बोलली जाते आणि तिचे वचन होते. बोच माणसाला मागे खेचते, वचन पुढे नेते.

बौद्ध बांधवांत जलदान विधी व पुण्यानुमोदनाच्या वेळी गेलेल्याविषयी चार शब्द बोलले जातात. मुसलमान घरांत तीन दिवस लोक येऊन बसतात आणि विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. प्रत्येक समाजाने दुःखाला जागा दिली, मुदत दिली आणि सोबत दिली.

पण ह्या सर्वांतून आपण एकाला वगळतो. मुलांना. दहाव्याला मुलांना शेजारच्या घरी ठेवतात, प्रेत उचलताना आतल्या खोलीत कोंडतात, मोठी माणसे बोलत असली की ‘जा, खेळ जा’ म्हणून पिटाळतात. मोठ्यांना आपली बोच बोलायला घाट आहे, मुलाला कोणता घाट आहे?

म्हणून माझे मत असे की पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला, त्याची इच्छा असल्यास, अंत्यदर्शन घेऊ द्यावे व विधीला नेऊ द्यावे. तेथे काय दिसेल ते आधी सांगावे. शेजारी असा एक माणूस द्यावा की जो मुलाकडेच लक्ष देईल आणि मूल म्हणेल तेव्हा त्याला बाहेर आणील. मूल नको म्हणाले तर जबरदस्ती मात्र करू नये. देह पाहण्यासारख्या स्थितीत नसेल तर फोटो पुरे.

देहच सापडला नाही तर?

सावित्रीच्या पुरात आणि तळियेच्या मातीत गेलेल्यांपैकी अनेकांचे देह सापडले नाहीत. अशा घरांतले दुःख सर्वांत अवघड. मन म्हणते गेला, दुसरे मन म्हणते कुठेतरी लागला असेल, येईल. अमेरिकेतील पॉलीन बॉस ह्या अभ्यासक बाईंनी अशा दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे सांगणे असे की अशा घरांतील माणसांना ‘आता विसरा’ असे सांगणे व्यर्थ आहे. दोन्ही विचार एकाच वेळी मनात राहणार, हे मान्य करूनच त्यांना जगायला मदत करावी.

आपल्या रूढीतही ह्याची सोय आहे. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांचा अथवा दर्भाचा पुतळा करून त्यावर संस्कार करतात, त्याला पालाशविधी म्हणतात. कोकणातील मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे आहेत आणि त्या पंथात देह समोर नसतानाही जनाजाची नमाज पढण्याची मुभा आहे. कोणत्याही रूपात का होईना, निरोपाचा एक दिवस व्हायला हवा. मुलांना त्यात घ्यावे. सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्येच वाहतुकीस खुला झाला. पूल वर्षाच्या आत बांधून होतो, घर बांधून व्हायला फार वेळ लागतो.

मुलाला काय सांगावे?

पुष्कळ आयाबाया विचारतात, ‘सांगायचे तरी कोणत्या तोंडाने?’ प्रश्न खरा आहे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मुलाचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे त्यानेच सांगावे. शेजाऱ्याकडून, शाळेतल्या पोराकडून किंवा मोबाइलवरून कळण्याआधी सांगावे.

२. शब्द साधे असावेत. ‘बाळा, बाबा वारले. वारले म्हणजे त्यांचे शरीर बंद पडले. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत.’ ‘देवाघरी गेले’ असे म्हणण्याची घरात श्रद्धा असेल तर तेही जरूर म्हणावे, परंतु ‘परत येणार नाहीत’ हे वाक्य त्याला जोडल्याशिवाय राहू नये.

३. मुलाने विचारो न विचारो, ‘हे तुझ्यामुळे झाले नाही. तू काही बोललास म्हणून नाही, काही केलेस म्हणून नाही’ असे स्पष्ट सांगावे. हे सर्वांत महत्त्वाचे औषध आहे आणि ते फुकट आहे.

४. ‘तुझे आता कोण करणार’ हे सांगावे. मुलाला मनातून ही भीती असतेच, पण विचारायला लाज वाटते. ‘तू माझ्याजवळ राहशील, ह्याच शाळेत जाशील, डबा आत्या देईल’ इतके नेमके सांगावे. जे ठरले नसेल त्याचे खोटे आश्वासन देऊ नये.

५. मूल पाच मिनिटे रडेल आणि लगेच गोट्या खेळायला जाईल. ‘कसले निगरगट्ट पोर’ असे म्हणू नये. मुले दुःख तुकड्या-तुकड्यांनी घेतात. तोच प्रश्न दहा वेळा विचारतील, दहा वेळा तेच उत्तर द्यावे.

६. थोरल्या मुलाला ‘आता तूच घरातला कर्ता, रडायचे नाही’ असे सांगू नये. बारा वर्षांचा मुलगा कर्ता नसतो. त्याला रडू द्यावे, आणि मोठ्यांनीही त्याच्यासमोर रडायला लाजू नये.

७. गेलेल्याचे नाव घरात घेत जावे. त्याचा फोटो, त्याची आवडती भाजी, त्याची एखादी वस्तू मुलाजवळ असू द्यावी.

घरातील वडीलधाऱ्यांना हे सारे कठोर वाटण्याचा संभव आहे. ‘एवढ्याशा जिवाला कशाला?’ हा आजीचा प्रश्न मायेतून येतो आणि त्याचा अनादर करू नये. पण आजीलाही विचारून पाहावे. तिच्या लहानपणी घरात कोणी गेले तेव्हा तिला काय सांगितले होते, आणि खरे कधी कळले? बहुधा उत्तर येईल की तिला तेव्हाच सगळे कळले होते, फक्त बोलायला कोणी नव्हते.

दुःख आणि आजार यांतला फरक

शोक हा आजार नाही. रडणे, झोप न येणे, भूक जाणे, गेलेल्या माणसाचा आवाज आल्यासारखे वाटणे, हे काही महिने होणे स्वाभाविक आहे. त्यावर झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत आणि बाटलीकडे तर मुळीच वळू नये. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती झोप मोडते आणि उदासी वाढवते.

मात्र काही जणांचे दुःख थिजते. सहा महिने-वर्ष उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ तीच तळमळ, काम सुटलेले, माणसे नकोशी, स्वतःला सतत दोष. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ह्या लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांची अट आहे. ह्यावर बोलण्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो.

अमेरिकेतील हार्वर्ड येथे विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या शाळकरी मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. दोन वर्षांनी साधारण पाचांपैकी एका मुलाला गंभीर अडचणी होत्या, बाकीची सावरली होती. आणि मूल सावरणार की नाही हे मागे राहिलेली आई किंवा बाप स्वतः कितपत सावरला, ह्यावर सर्वांत अधिक अवलंबून होते. मुलासाठी म्हणून तरी मोठ्यांनी मदत घ्यावी ती ह्यासाठी.

मूल शाळेत जायचे पूर्ण बंद झाले, स्वतःला इजा करू लागले, ‘मलाही आईकडे जायचे’ असे वारंवार म्हणू लागले, किंवा मोठे माणूस जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर वाट पाहू नये. सरकारी रुग्णालयात दाखवावे व मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. ‘जगावेसे वाटत नाही का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो.

मग चित्रपट कशासाठी?

चित्रपट औषध नव्हे. अविनाश अरुण यांचा २०१५ साली आलेला ‘किल्ला’ पाहा. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या एका लहान गावात आलेला मुलगा आणि नोकरी सांभाळत त्याला सांभाळणारी आई. दोघेही दुःखात आणि दोघेही एकमेकांना ते सांगत नाहीत. त्यांचा पाऊस, समुद्र आणि अबोला आपल्या ओळखीचा आहे. असा चित्रपट मुलाबरोबर बसून पाहिला की एक सोय होते. ‘तुला काय वाटते?’ असे विचारले तर मूल गप्प बसते. ‘त्या मुलाला काय वाटले असेल?’ असे विचारले तर मूल बोलू लागते, आणि बोलता बोलता ते स्वतःविषयीच बोलत असते. ‘रिंगण’चा उपयोगही असाच करता येईल.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. चित्रपटात दुःख दोन तासांत वाटेला लागते. प्रवास संपतो, दिवे लागतात आणि लोक घरी जातात. खऱ्या दुःखाचा प्रवास असा सरळ नसतो. तो आपल्या घाटासारखा असतो, वळणावळणाचा. पुष्कळ वर चढून आलो असे वाटावे आणि एका वळणावर तीच दरी पुन्हा दिसावी. म्हणजे आपण मागे आलो असे नव्हे. वरूनही दरी दिसतेच.

शेवटी एक सूचना. आपत्ती आली की आपला समाज धावून येतो. तांदूळ येतात, चादरी येतात, धनादेश येतात आणि महिनाभरात सगळे पांगतात. मनाचे दुखणे मात्र तेव्हा सुरू होते. तालुक्यातल्या शिक्षकांनी, आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी आपापल्या वाडीतल्या अशा घरांची एक साधी नोंद ठेवावी, कोणत्या घरचे कोण, कोणत्या तारखेला गेले. दरवर्षी त्या तारखेच्या आगेमागे त्या घरी एक फेरी मारावी. उपदेश करू नये, ‘कसा वाचलास’ विचारू नये. चहा घ्यावा, गेलेल्याचे नाव काढावे, आणि घरात मूल असेल तर खाली बसून त्याच्याशीही दोन शब्द बोलावेत. ‘त्या दिवशी जे झाले ते तुझ्यामुळे झाले नाही’ हे आपल्या मुलुखातल्या कितीतरी मुलांना अजून कोणीही सांगितलेले नाही. त्यांतली काही मुले आता पंचवीस-तीस वर्षांची झाली आहेत. त्यांनाही सांगावे. उशीर झालेला नाही.